‘इंडिका’ आपली, मग आपल्या बांधावर का नाही?

रानवाट:
2021 साली मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे गांजा लावायची परवानगी मागितली होती, आठवतंय? सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. कांदा रस्त्यावर ओतायची पाळी आलेल्या माणसाने दुसरं मागायचं तरी काय? उत्तराखंड 2018 पासून हेम्पचे, म्हणजे धागा-बियांसाठी लावायच्या कमी नशेच्या गांजाचे, परवाने देतंय. आणि परदेशातल्या गांजाच्या दुकानांचा गल्ला ज्या जातीवर चालतो तिचं नावच ‘इंडिका’! फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लामार्कने 1785 मध्ये भारतातून गेलेल्या झाडावरून ठेवलेलं. बुटकं, डेरेदार झाड, रुंद गडद पानं, सात-आठ आठवड्यांत फुलोरा तयार. नाव आपलं आणि पैसा त्यांचा? परवाना द्या आणि लावू द्या, एवढंच म्हणणं आहे.

गुळवेल:
नाव आपलं, बाकी सगळा घोळ आहे. लामार्कपुढे होतं ते उंच, अरुंद पानांचं झाड. तुम्ही वर्णन केलेलं बुटकं झाड हिंदुकुशातलं, अफगाणिस्तानाकडचं. त्याला ‘इंडिका’ म्हणायची पद्धत 1970 नंतरची. केरळातल्या इडुक्कीच्या डोंगरातलं उंच झाड त्या दुकानांत ‘सॅटिव्हा’ या दुसऱ्या जातीच्या नावाने विकलं जातं. म्हणजे खुद्द भारतातली जात त्यांच्या हिशेबाने इंडिकाच नाही!

दुसरं म्हणजे हे झाड रात्र मोजतं. रात्र मोठी झाली की फुलावर येतं. हिंदुकुशात उन्हाळ्याचा दिवस साडेचौदा तासांचा, पुण्यात सगळ्यात मोठा दिवस सव्वातेराच्या आसपास. तिकडचं बी इकडे पेरलं तर गुडघ्याएवढं होतं न होतं तोच फुलोरा धरायची भीती. त्यात ते गच्च कणीस आपल्या परतीच्या पावसात सापडलं की आतून बुरशी. कोरड्या डोंगरातली जात आहे ती.

आणि ‘इंडिकाने झोप येते, सॅटिव्हाने तरतरी’ हे निव्वळ लेबल. परिणाम ठरतो टीएचसी (नशा आणणारं द्रव्य), सीबीडी (नशा न आणणारं) आणि मात्रेवर. पान रुंद आहे का अरुंद, याच्याशी त्याचा काय संबंध?

रानवाट:
बरं, जात चुकली असेल. मुद्दा चुकला का? देशी बी लावू.

कलम_बहाद्दर:
चुकला. उत्तराखंडचा परवाना धागा आणि बियांसाठी आहे, टीएचसी 0.3 टक्क्याच्या आत. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याच्या कलम 14 मध्ये तेवढी वाट ठेवलीय. नशेची जात लावली तर कलम 20, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. पीक चार गुंठे असो की चार एकर.

नगरी_मिसळ:
कायदा 1985 चा आहे, वेद नव्हे. इंग्रजांनी 1893-94 मध्ये गांजा-भांगेवर आयोग नेमला होता, त्याच्या अहवालात आमच्या नगर जिल्ह्यातल्या गांजाच्या शेतीचा उल्लेख आहे. आयोगाचा सल्ला काय होता? सरसकट बंदी नको. परवाना ठेवा, कर लावा. आज काय चाललंय? तुरीत, उसात लपवून लावायचं, मग छापा, मग पेपरात फोटो. फोटोत शेतकरी, व्यापारी कधीच नाही. मी रानवाटांच्या बाजूने.

पाटाचं_पाणी:
मी जन्मभर शेती केली, म्हणून जरा सविस्तर. गावात पोरं बिघडतात वगैरे बोलत नाही. दारूने काय कमी बिघडवली? माझी अडचण वेगळी आहे. या झाडाचं परागण वाऱ्यावर. एकाने धाग्यासाठी नर-मादी मिसळून पेरलं आणि शेजाऱ्याने औषधासाठी नुसत्या माद्या राखल्या, तर शेजाऱ्याच्या कणसात बीच बी. त्या भांडणापुढे बांधकोरीची भांडणं परवडली. आणि 0.3 चं गणित? पीक रानात उभं असताना टक्का वर सरकला तर सगळं नष्ट करायचं. अमेरिकेत हे झालंय. तो तोटा कोण भरून देणार?

धागाच हवाय ना? मग अंबाडी काय वाईट? तिचं शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनाबिनस, पान इतकं सारखं की नवखा फसतो. इंग्रज तिला ‘डेक्कन हेम्प’ म्हणायचे. आमचे वडील तुरीच्या कडेने लावायचे. पेंढ्या ओढ्यात दगडाखाली दाबून ठेवायच्या, पाण्याला असा वास सुटायचा की बायका धुणं घेऊन वरच्या अंगाला जायच्या. आठ-दहा दिवसांनी वाख सोलायचा आणि पारावर बसून चऱ्हाटं, कासरे वळायचे. नायलॉन आलं आणि संपलं. त्याला ना परवाना, ना छापा.

रानवाट:
काका, संपलं म्हणजे भाव नव्हता म्हणूनच ना? मग पुन्हा अंबाडीच लावा म्हणता? हेम्पच्या बियांना आणि तेलाला 2021 पासून खाद्य म्हणून मान्यता आहे, गिऱ्हाईक आहे. मी माझ्या मतावर ठाम. फक्त ‘इंडिका’ हा शब्द मागे घेतो.

पाटाचं_पाणी:
गिऱ्हाईक शेवग्यालाही होतं. नंतर लोकांनी झाडं उपटली.

सुगरण७७:
अवांतर: अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या घालायच्या की तांदळाच्या?

पाटाचं_पाणी:
ज्वारीच्या. आणि वरून लसणाची फोडणी, हात न आखडता.