कॅनडाचा परवानाधारक इमिग्रेशन सल्लागार : नेमके काय तपासावे?

टाचण (प्रश्न) :
माझ्या बहिणीला कॅनडाच्या पर्मनंट रेसिडेन्सीसाठी अर्ज करायचा आहे. ज्या कार्यालयात तिने चौकशी केली तेथे परवाना भिंतीवर लावलेला आहे, परंतु त्यावर ज्यांचे नाव आहे ते गृहस्थ तिला एकदाही भेटलेले नाहीत. "अर्ज तुमच्याच नावाने खाते उघडून आम्ही भरू, प्रतिनिधीचा फॉर्म जोडला की फाइल रेंगाळते," असे तेथील माणूस सांगतो. हे नियमाला धरून आहे का? आणि मुळात सल्लागार नेमणे आवश्यक असते का?

कागदपत्री :
नियमाला धरून अजिबात नाही. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ९१ नुसार मोबदला घेऊन सल्ला देण्याचा किंवा प्रतिनिधित्व करण्याचा अधिकार तेथील विधी संस्थांचे (वकिलांच्या नियामक संघटनांचे) सदस्य असलेले वकील व काही पॅरालीगल (वकील नसलेले, पण मर्यादित कायदेशीर कामे करणारे व्यावसायिक), क्यूबेक प्रांताचे नोटरी आणि 'कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स' या नियामक संस्थेचे परवानाधारक यांनाच आहे. सल्लागार कॅनडाबाहेर बसलेला असला तरी ही अट सुटत नाही. परवाना व्यक्तीचा असतो, कार्यालयाचा नव्हे. त्यामुळे कॉलेजच्या सार्वजनिक नोंदवहीत त्या गृहस्थांचे नाव व क्रमांक शोधावा, परवाना चालू आहे की निलंबित हे पाहावे आणि लेखी करारावर त्यांचीच सही आहे याची खात्री करावी.

प्रतिनिधीचा फॉर्म, म्हणजे आपल्या वतीने कोण काम पाहणार हे सरकारला कळवणारा आयएमएम ५४७६, टाळायला सांगणे हीच मला सर्वांत गंभीर गोष्ट वाटते. अधिकृत सल्लागारांसाठी सरकारचे वेगळे पोर्टल आहे. मग त्यांनी अर्जदाराच्या नावाने खाते का उघडावे? अशा अर्जात कोणी खोटा अनुभव दाखवला, तर कागदोपत्री तो बहिणीनेच दाखवलेला असतो, आणि चुकीच्या माहितीबद्दल पाच वर्षांची प्रवेशबंदी तिच्यावर येऊ शकते.

निवांत :
दुसऱ्या प्रश्नाबद्दल : सल्लागार नेमणे सक्तीचे नाही, आणि नेमल्याने अर्जाला प्राधान्यही मिळत नाही, हे कॅनडा सरकारच स्पष्टपणे सांगते. शिक्षण सरळ, नोकऱ्या सलग आणि पूर्वी कोठे नकार नसेल, तर एक्स्प्रेस एंट्रीचा (कुशल कामगारांसाठीच्या कॅनडाच्या ऑनलाइन, गुणांवर आधारित निवडपद्धतीचा) अर्ज चिकाटी असलेला माणूस स्वतः भरू शकतो. माझ्या मते फी सार्थकी लागते ती पूर्वीचा नकार किंवा गुंतागुंतीचा अनुभव असताना. नोकरीच्या अनुभवपत्रात हुद्दा, प्रत्यक्ष कामे, आठवड्याचे तास आणि पगार हे सर्व लागते. आपल्या कंपन्यांची "यांची वर्तणूक चांगली होती" छापाची पत्रे तेथे चालत नाहीत. चांगला सल्लागार अशा पत्रातील कामे कॅनडा सरकारने व्यवसायांना दिलेल्या कोणत्या व्यवसाय-संकेतांकात बसतात ते तपासतो आणि बसत नसतील तर तसे तोंडावर सांगतो. निकालाची हमी मात्र कोणीच देऊ शकत नाही.

टाचण :
मनःपूर्वक आभार. करारावर तिने अद्याप सही केलेली नाही. तिचा मामेभाऊ टोरांटोला असतो; त्याने पैसे न घेता मदत केली तर चालेल का?

कागदपत्री :
चालेल. विनामोबदला प्रतिनिधीला परवाना लागत नाही, परंतु तो तिच्या वतीने इमिग्रेशन विभागाशी व्यवहार करणार असेल तर त्याचेही नाव ५४७६ वर द्यावे लागते. पुढे नेमणूक रद्द करायची झाली तर तीही याच फॉर्मवर होते.