मुद्राचित्रांच्या प्रदर्शनात मुलांना काय दाखवायचं?

प्रश्न: लातूरहून आठवी-नववीची मुलं संभाजीनगरला मुद्राचित्रं (पत्रा, लाकूड किंवा दगडावरून कागदावर छापलेली चित्रं) आणि हातानं बांधलेल्या पुस्तकांच्या प्रदर्शनाला न्यायचीत. नुसत्या चित्रावरून छपाईची पद्धत कशी ओळखायची? खाली पेन्सिलीनं ४/१२ लिहितात ते काय? आणि पुस्तकं हाताळू द्यावीत का?

उत्तर १: सर, चित्राकडे समोरून नको, बाजूनं तिरपं बघायला सांगा. एचिंगमध्ये जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावरच्या खोल रेघांत शाई भरतात, वरची पुसून घेतात आणि ओलसर कागद ठेवून प्रेसमधून काढतात. त्यामुळे चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन उमटतो आणि रेघ किंचित वर आलेली असते. वुडकट-लिनोत, म्हणजे लाकूड किंवा लिनोलियम कोरून छापतात त्यात, उलटं: कोरलेलं पांढरं राहतं, उरलेल्या उंच भागाला शाई लागते. शाई जास्त झाली की आकाराच्या काठाशी गडद कड धरते, बारीक पांढऱ्या रेघा बुजतात. असे बुजलेले कोपरे मुलांना शोधायला लावा, फार रमतात. लिथो म्हणजे दगडावर खडूनं काढून छापलेलं चित्र; दगड सपाट, म्हणून खडूचा दाणा दिसतो, शाईला उठाव नसतो. १० पटीचं भिंग जवळ ठेवा. रंगीत ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसली तर ती बहुधा मशीनची छपाई.

उत्तर २: ४/१२ म्हणजे १२ प्रतींपैकी चौथी. आकडा लहान म्हणून प्रत सरस, असं नाही. छापल्याच्या क्रमानंच आकडे घालतात असंही नाही. फक्त ड्रायपॉइंटमध्ये, म्हणजे पत्र्यावर थेट सुईनं ओरखडून काढलेल्या चित्रात, रेघेच्या कडेची धातूची कोर प्रेसच्या दाबानं लवकर झिजते, त्यामुळे आधी काढलेल्या प्रतीत काळा रंग मखमली उतरतो.

उत्तर ३: पुस्तकं जरूर हाताळू द्या, आयोजकांना विचारून. हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे हवेत, क्रीम नको. सुती हातमोजे तर नकोतच. बोटांना कागद कळत नाही आणि पान फाटतं. जपानी शिलाईचं (कडेशी भोकं पाडून वरून टाके घातलेलं) पुस्तक पूर्ण सपाट उघडत नाही. वरून दाबलं की टाक्याच्या भोकांपाशी पान चिरतं. घड्यांचं लांब पुस्तक टेबलावरच उलगडा, लोंबतं धरलं तर वजनानं खळीचे जोड सुटतात. टेबलाशी एका वेळी पाच-सहा मुलं पुरेत.

वेळ असेल तर दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतं, हातकागदासाठी जुनं गाव. काम चालू असतं का ते आधी विचारून घ्या. गिरणीच्या कागदात तंतू बहुतेक एका दिशेनं असतात, तंतूंना आडवी घडी घातली की जाड कागद तडकतो. हातकागदात ते चहूबाजूंनी पसरलेले असतात, म्हणून घडी कुठूनही बसते. दोन्ही कागदांचे तुकडे सोबत न्या आणि मुलांकडूनच दोन्ही बाजूंनी घडी घालून घ्या.