मांजराने काजू-शेंगदाणे खाल्ले तर चालते का?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)
शेंगदाणे निवडायला सूप घेऊन बसले की आमची मांजर शेजारी येऊन बसते आणि एखादा दाणा पुढे टाकला तर पंजाने खेळवून खातेही. काल तिने पाहुण्यांच्या बशीतले दोन-तीन खारे काजू पळवले. त्रास काही दिसत नाही. तरी सुकामेवा आणि बेदाणे मांजरांना अपायकारक असतात का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद (मिरज)
काजू किंवा शेंगदाणा मांजराला विषारी नाही, त्यामुळे दोन-तीन काजूंनी घाबरण्याचे कारण नाही. पाणी मात्र भरपूर ठेवावे. तथापि मांजर पूर्णतः मांसाहारी असून त्याला आवश्यक असलेले टॉरिन (मांसात असणारे पोषकद्रव्य) शेंगदाण्यातून मिळत नाही. शिवाय चार किलोच्या मांजराला दिवसाकाठी सुमारे 200 ते 250 कॅलरी पुरतात आणि मूठभर काजूंतच 160च्या आसपास असतात, म्हणून सवय लावू नये. अख्खा बदाम घशात अडकू शकतो.

प्रतिसाद (तासगाव)
बेदाणा अजिबात देऊ नये. द्राक्षे व बेदाण्यांमुळे कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मांजरांबाबत नोंदी कमी असल्या तरी पशुवैद्य त्यांनाही ते वर्ज्यच सांगतात. मांजराला गोड चव कळत नाही, त्यामुळे नुसत्या बेदाण्याकडे ते सहसा फिरकत नाही. मात्र साजूक तुपाच्या वासाने ते शिऱ्याला तोंड लावते आणि त्यातला बेदाणाही पोटात जातो. आमच्या भागात बेदाणा घरोघरी उघडा पडलेला असतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

प्रतिसाद (सांगली, गावभाग)
माझ्या मते खरा धोका दाण्यापेक्षा त्याला लागलेल्या मसाल्याचा आहे. आपल्या भडंगातले शेंगदाणे लसणात परतलेले असतात, चटणीत लसूण असतोच, आणि कांदा-लसूण मसाल्याविषयी वेगळे सांगायला नको. कांदा आणि लसूण, मग ते कच्चे असोत, शिजवलेले असोत वा पूड केलेले, मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. हिरड्या फिक्या पडणे, धाप लागणे, लघवी गडद होणे ही लक्षणे काही दिवसांनीही दिसू शकतात. तशी दिसताच दवाखाना गाठावा.

निवडताना बाजूला काढलेले बुरशी आलेले दाणेही तिच्यापुढे टाकू नयेत. त्यांतील अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष यकृतावर परिणाम करते आणि भाजल्याने ते पूर्णपणे नष्ट होत नाही.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. टाकाऊ दाणे मी तिच्याचपुढे टाकत होते. आजपासून ते बंद. खाऊ म्हणून दुसरे काय द्यावे?

प्रतिसाद (मिरज)
बिनमिठाचे, बिनमसाल्याचे उकडलेले चिकन, हाडे काढून. तेही दोन-चार तुकडेच.