शब्दचर्चा: 'खरे स्वरूप', 'स्वभाव' की 'मूळ चेहरा'? झेनच्या रोजच्या बैठकीचे मराठी शब्द

शब्दार्थी

एका वाक्याचं मराठी पक्कं करायचं आहे: 'रोजच्या झेन ध्यानसाधनेतून स्वतःचे खरे स्वरूप शोधणे.' वाचायला गुळगुळीत आहे, पण शब्द सुटे करून पाहिले की प्रत्येकावर शंका येते. 'झेन' आणि 'ध्यान' ही द्विरुक्ती नाही का? 'स्वरूप' म्हटलं की वेदान्त दारात उभा राहतो. 'शोधणे' म्हणजे काहीतरी हरवलंय असं धरून चालणं. आणि 'साधना' म्हणावं, 'सराव' म्हणावं की 'अभ्यास'? झेन म्हणजे बसून ध्यान करण्यावर भर देणारी बौद्ध परंपरा, एवढं मला ठाऊक आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

पालीवाचक

द्विरुक्ती आहेच. संस्कृत 'ध्यान' प्राकृतात आणि पालीत 'झान' झालं. चिनी लोकांनी ते 'चान-ना' असं दोन अक्षरांत लिहून घेतलं, पुढे 'ना' गळून 'चान' उरलं. कोरियात 'सन', व्हिएतनाममध्ये 'थिएन' आणि जपानात 'झेन', ही त्याच अक्षराची वाचनं. 'ध्य'चा 'झ' होणं मराठीला मुळीच परकं नाही. 'संध्या'ची 'सांज', 'वंध्या'ची 'वांझ', 'मध्य'वरून 'माजघर' याच वाटेनं आले.

उच्चाराचंही सांगतो. जपानी उच्चार 'मजेत'मधल्या ज-सारखा दंत्य आहे. आपण 'झेन' लिहितो आणि 'झेप', 'झेल'मधल्या तालव्य झ-नं वाचतो. जपानीच्या दृष्टीनं ते चूक, पण नकळत आपण पालीतल्या 'झान'च्या जवळ जातो. म्हणून 'झेन' हे लेखन बदलू नये असं मला वाटतं.

'ध्यान' या मराठी शब्दावर मात्र फार ओझी आहेत. 'ध्यानात ठेव' म्हणजे आठवण, 'ध्यानीमनी नसताना' म्हणजे कल्पना, 'काय ध्यान आहे!' म्हणजे गबाळा माणूस. आणि 'सुंदर ते ध्यान'मधलं ध्यान ही ध्यानाची क्रियाच नव्हे, ज्याच्यावर मन लावायचं ते रूप आहे. हा शेवटचा अर्थ मराठी मनात खोल रुजलाय. 'ध्यान कर' म्हटलं की आपला पहिला प्रश्न 'कशाचं?' हाच असतो. झाझेनमध्ये, म्हणजे झेनच्या बसून करायच्या ध्यानात, विशेषतः जपानी झेनमधल्या सोतो परंपरेच्या 'शिकान्ताझा'मध्ये, या 'कशाचं'ला उत्तरच नाही. 'शिकान्ताझा' म्हणजे फक्त बसणं.

घट्टउशी

म्हणून 'झाझेन'साठी 'बैठक' हा शब्द सुचवतो. 'झा' म्हणजे बसणे. रियाजाची बैठक असते, पैलवानाच्या बैठका असतात, 'त्याची बैठक पक्की आहे' असंही म्हणतो. शरीर, वेळ आणि नेम या तिन्ही गोष्टी त्या एका शब्दात येतात. 'ध्यानधारणा'मध्ये शरीर कुठेच नाही आणि झेनमध्ये सुरुवात शरीरापासून होते.

बैठकीचे तपशील सांगितले तर शब्द निवडणं सोपं जाईल. खाली चौकोनी जाड बसकर, साधारण 70 ते 75 सेंटिमीटर बाजूचं. त्यावर गोल, घट्ट भरलेली उशी, व्यास 30 ते 35 आणि उंची 15 ते 20 सेंटिमीटर. ती 'झाफू'. उशीच्या मधोमध बसायचं नाही, पुढच्या एक तृतीयांश भागावर टेकायचं, म्हणजे कंबर किंचित पुढे झुकते आणि दोन्ही गुडघे जमिनीला लागतात. दोन गुडघे आणि बूड, हे तीन टेकू. गुडघे हवेत राहत असतील तर उशी कमी उंच आहे. अशा बैठकीत पाठ दहा मिनिटांत पोक काढते, कारण तोल सांभाळायला पाठीचे स्नायू राबतात.

पद्मासन, अर्धपद्मासन, दोन्ही पाय जमिनीवर पुढे-मागे ठेवून मांडी, वज्रासनात मांड्यांमध्ये उशी, किंवा सरळ खुर्ची, काहीही चालतं. खुर्चीवर पाठ टेकायची नाही आणि तळपाय पूर्ण जमिनीवर हवेत. पायाची वळण खुब्यातून यायला हवी. खुबा वळत नसताना पाऊल ओढून मांडीवर चढवलं तर तो पीळ गुडघ्यावर येतो आणि गुडघा दुखावतो. गुडघ्यात टोचल्यासारखी कळ आली तर सहन करत बसू नये, आसन बदलावं.

डोळे अर्धे उघडे, नजर साधारण मीटरभर पुढे जमिनीकडे उतरलेली. सोतोमध्ये भिंतीकडे तोंड, रिंझाई या दुसऱ्या जपानी झेन परंपरेत खोलीच्या मध्याकडे. जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला. उजव्या तळव्यावर डावा तळवा, दोन्ही वर उघडे, अंगठ्यांची टोकं जेमतेम टेकलेली, बेंबीखाली. भारतीय मूर्तींतल्या ध्यानमुद्रेत बहुधा उजवा हात वर असतो, इथे डावा. हे अंगठे म्हणजे बैठकीचा आरसा. ते खाली ढळले की झोप आलीय. एकमेकांना रेटून उंचवटा झाला की ताण आलाय. दरीही नको, डोंगरही नको.

शब्दार्थी

हे फार उपयोगी. आता 'खरे स्वरूप'बद्दल?

पालीवाचक

जपानी शब्द 'केन्शो'. 'केन' म्हणजे पाहणे, 'शो' म्हणजे प्रकृती, जन्मजात असलेपण. शब्दशः 'स्वभावदर्शन' होईल, पण मराठीत ते दोन ठिकाणी अडखळतं. रोजच्या बोलण्यात स्वभाव म्हणजे रागीट, भिडस्त वगैरे. 'स्वभावाला औषध नाही'मधला. आणि बौद्ध तत्त्वज्ञानात, नागार्जुनाच्या मध्यमकात, 'स्वभाव' म्हणजे वस्तूचं स्वयंसिद्ध असणं, जे नाहीच असं तो सांगतो. म्हणजे एक वाचक 'माझा चिडकेपणा दिसणार' असं समजेल आणि दुसरा 'नाकारलेली गोष्ट कशी दिसणार' असं विचारेल.

'आत्मदर्शन' तर नकोच. बुद्धाच्या शिकवणीचा पाया 'अनत्ता', म्हणजे कायमचा आत्मा नाही हा विचार, आहे. तिथे 'आत्मा' आणला की आत बसलेला, न बदलणारा एक मालक आला. 'बुद्धस्वभाव', 'तथागतगर्भ' हे प्रत्येकात असलेल्या बुद्धत्वाबद्दलचे शब्द परंपरेत आहेत, पण तेही कुठल्या सूक्ष्म वस्तूचं नाव समजायचे नाहीत.

झेननं या अडचणीतून प्रतिमांनी वाट काढली. कोआन म्हणजे झेन गुरूंचे कोड्यासारखे प्रश्न किंवा संवाद. 1228 सालच्या 48 कोआनांच्या 'मुमोनकान' या संग्रहातलं 23वं प्रकरण चिनी झेनचे सहावे पितर, म्हणजे गुरुपरंपरेतले सहावे आचार्य, ह्वेनंग (638–713) यांचं. चांगलं-वाईट यातला कसलाच विचार नसताना, त्या घडीला तुझा मूळ चेहरा कोणता, असा तो प्रश्न. पुढे त्याचं 'आईवडील जन्मण्याआधीचा तुझा चेहरा' असं रूप जास्त रूढ झालं. चिनी झेन गुरू लिन्ची (मृत्यू 866) यांनी 'पदवी नसलेला खरा माणूस' म्हटलं, जो तुमच्या डोळ्या-कानांच्या दारांतून सतत ये-जा करतो. दोन्हीकडे 'आत खोल दडलेलं' असं काही नाही. चेहरा तर सगळ्यात बाहेर असतो.

म्हणून माझं मत 'मूळ चेहरा'. 'स्वरूप' अगदी वाईट नाही, पण 'कामाचे स्वरूप', 'पत्राचे स्वरूप' यांनी तो शब्द कचेरीतलाही झालाय.

ओवीकर

'मीपण' राहिलं. संतवाङ्मयानं दिलेला हा शब्द इथे नेमका बसतो, फक्त उलट बाजूनं. जपानात सोतो परंपरा रुजवणारे गुरू दोगेन (1200–1253) यांनी 1233 मध्ये लिहिलेल्या 'गेन्जोकोआन' या लेखात म्हटलंय की बुद्धमार्ग शिकणं म्हणजे स्वतःला शिकणं, आणि स्वतःला शिकणं म्हणजे स्वतःला विसरणं. 'शिकणं'साठीचं क्रियापद 'नाराऊ', म्हणजे करून करून अंगवळणी पाडणं. मराठीत 'गिरवणं' याच्या सगळ्यात जवळ जातं: पाटीवरचं अक्षर बोटाखाली येईपर्यंत. 'स्वतःला गिरवणं म्हणजे मीपण विसरणं' असं वाक्य मला पटतं.

मग 'खरा मी सापडणे' ही रचनाच डळमळते. सापडणारा कोण आणि शोधणारा कोण?

घट्टउशी

ओवीकर, हा प्रश्न निव्वळ व्याकरणाचा नाही, उशीवर त्याचे परिणाम दिसतात. 'शोधणे' मनात धरून बसणारा दर मिनिटाला तपासतो: आलं का काही? सापडलं का? ते तपासणं हाच त्या बैठकीतला सगळ्यात चिवट विचार ठरतो. आणि काही दिसलं तर पंचाईत आणखी वाढते. लांब बसल्यावर भिंतीवर रंग हलतात, शरीर फुगल्यासारखं वाटतं, आवाज येतात, कधी अकारण रडू येतं किंवा अपार आनंद होतो. जपानीत याला 'माक्यो' म्हणतात.

पालीवाचक

त्यातला 'मा' म्हणजे आपला 'मार', बुद्धाला आडवा आलेला. 'क्यो' म्हणजे प्रदेश, विषय. मराठीत 'भास' हा शब्द पुरेसा आहे.

घट्टउशी

'भास'च म्हणावं. 'अनुभूती' किंवा 'साक्षात्कार' म्हटलं की माणूस दुसऱ्या दिवशी तेच परत यावं म्हणून बसतो, आणि तिथून बैठक बिघडते. भास आला तर श्वासाकडे परत यायचं, बस्स. तो भीतीदायक असला, झोप उडाली किंवा बैठकीनंतरही टिकला, तर मात्र बैठक थांबवून जाणत्या शिक्षकाशी आणि गरज असेल तर डॉक्टरांशी बोलावं.

असाच दुसरा घात करणारा शब्द 'निर्विचार'. 'मन निर्विचार करा' हे वाक्य मराठीत सर्रास लिहिलं जातं आणि नवा माणूस विचारांशी कुस्ती धरतो. दहा मिनिटांत कपाळावर आठी, जबडा आवळलेला, अंगठ्यांचा डोंगर. मग 'मला जमत नाही' म्हणून सोडून देतो. त्याला जमत नव्हतं असं नाही, त्याला चुकीचा शब्द दिला होता.

पालीवाचक

इथे दोगेननी जुन्या चिनी संवादातून घेतलेली तीन पदं आहेत: शिर्यो, फुशिर्यो, हिशिर्यो. विचार, विचार न करणे, आणि तिसरं, जे या दोन्हींच्या जोडीबाहेर आहे. 'अविचार' वापरता येत नाही, मराठीत तो उतावळेपणा झाला. 'निर्विचार' योगसूत्रांत सूक्ष्म विषयावरच्या समापत्तीचा, म्हणजे विषयाशी मन एकरूप होण्याचा, एक विशिष्ट प्रकार आहे, तोही इथला नव्हे. नाथ-वारकरी परंपरेतली 'उन्मनी', म्हणजे मनापलीकडची स्थिती, मोहक आहे, पण ती अवस्था म्हणून वाचली जाते. 'विचारापलीकडे' त्यातल्या त्यात बरं, तरी 'पलीकडे' म्हटलं की जायचं ठिकाण तयार होतं. मी 'विचारांना न धरता' असं क्रियेच्या अंगानं लिहीन.

घट्टउशी

उत्तम. कृतीत तेच आहे. नव्यांसाठी 'सुसोकुकान', म्हणजे श्वास मोजणे. पालीतलं 'आनापान', म्हणजे आत-बाहेर जाणारा श्वास, याच कुळातलं. श्वास नाकानं, त्याला लांब किंवा खोल करायचं नाही. प्रत्येक उच्छ्वासाला मनात एक आकडा, उच्छ्वासभर लांबवलेला: ए…क, दो…न. दहापर्यंत, मग पुन्हा एक. मध्येच आकडा हरवला तर पुन्हा एकपासून, स्वतःला न रागावता. तिसऱ्याच आकड्याला हरवणं अगदी सामान्य आहे. खरी खूण उलटी आहे: अकरा, बारा, तेरा असे पुढे गेलात, तर मोजणी जिभेवर चालू होती आणि मन दुसरीकडे होतं. आकड्यांच्या तालात श्वास ओढला जात असेल तर काही श्वास मोजणं सोडून द्यावं, तो आपोआप सैलावतो.

झोप येत असेल तर डोळे थोडे जास्त उघडा, कणा वर ताणा, हनुवटी आत घ्या. मन भरकटत असेल तर लक्ष हातांच्या मुद्रेपाशी उतरवा. एक मंदपणा, एक विखुरलेपणा. दोन्हींवर एकच औषध चालत नाही.

ओवीकर

'साधना' की 'सराव'?

पालीवाचक

'साधने'त 'साध्य' दडलेलं आहे. दोगेन तर साधन आणि फळ एकच मानतात: 'शुशो इत्तो'. 'अभ्यास' मूळ अर्थानं अगदी योग्य होता, पण आज त्याला शाळेचा वास येतो. 'भावना' हा पालीतला, मनाची जोपासना या अर्थाचा, नेमका शब्द मराठीत पार दुसरीकडे गेलाय. 'सराव' स्पर्धेआधी करतात. उरतो 'नेम', 'नित्यनेम'. रोज, ठरल्या वेळी, मनाची लहर न विचारता. मला तोच सर्वांत प्रामाणिक वाटतो.

ओवीकर

आणि दोन बैठकींच्या मधलं चालणं? 'किन्हिन' वाचलंय.

पालीवाचक

'चंक्रमण'. विनयग्रंथांतलाच, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथांतला, शब्द, पालीत 'चङ्कम'. जसाच्या तसा घ्यावा.

घट्टउशी

पाच ते दहा मिनिटं. सोतोमध्ये एका श्वासाला अर्धं पाऊल, रिंझाईत झपझप. बैठक संपल्यावर एकदम उठायचं नाही. कमरेतून डावी-उजवीकडे लहान झोके, मग मोठे. पायाला मुंग्या असतील तर त्या पूर्ण जाईपर्यंत उभं राहायचं नाही, पाऊल मुरगळतं.

शब्दार्थी

मग 'शोधणे'च्या जागी 'उमगणे'? 'सातोरी', म्हणजे झेनमधली जाग, ज्या क्रियापदावरून आलंय त्याचा अर्थही कळून येणं असाच ना?

पालीवाचक

हो, 'सातोरू'. 'उमगणे' चांगलं, त्यात धावपळ नाही. 'मला उमगलं' असं चतुर्थीनं बोलतो, त्यामुळे कर्त्याचा तोराही कमी होतो. 'गवसणे'ही गोड आहे, पण त्यात वस्तू आहे.

शब्दार्थी

मसुदा असा करतो: 'रोज नेमाने झेन बैठकीला बसता बसता आपला मूळ चेहरा उमगणे.' बैठकीची वेळही लिहावी का?

घट्टउशी

लिहावी. सुरुवातीला 10 मिनिटं, दोन-तीन आठवड्यांनी 15, मग 25. मठांत साधारण 40 मिनिटांची असते आणि उदबत्ती जळायच्या वेळेवरून मोजत, एका बैठकीला 'एक उदबत्ती' म्हणत. रविवारी तासभर आणि बाकी दिवस काहीच नाही, यापेक्षा रोजची 10 मिनिटं चांगली. कारण पाय आणि पाठ रोजच्या बसण्यानंच सैल होतात.

ओवीकर

पंचवीस मिनिटांना आपल्याकडे शब्द आहे की! घटका म्हणजे 24 मिनिटं. 'घटकाभर बसणे' तर बोलण्यातही आहे.

पालीवाचक

सुंदर. फक्त आज 'घटकाभर' म्हणजे 'थोडा वेळ टेकणे' असं झालंय आणि कोणी पाच मिनिटांत उठेल. पहिल्यांदा येईल तिथे 'घटकाभर, म्हणजे 24 मिनिटे' असं लिहा, पुढे नुसतं 'घटकाभर' चालेल.