मदत हवी आहे: लाइट डॉममधल्या (जिथे कम्पोनंटचं मार्कअप पानाच्या बाकी भागापासून वेगळं नसतं) लेआउटमध्ये स्लॉट (मजकूर ठेवायची मोकळी जागा) रिकामा आहे हे कसं ओळखायचं?

सेल्सफोर्स एक्सपीरियन्स क्लाउड (साइट बनवायचं साधन), एलडब्ल्यूआर (लाइटनिंग वेब रनटाइम) साइट. पेज लेआउटसाठी स्वतःचा लाइटनिंग वेब कम्पोनंट लिहिला आहे. मेटा फाइलमध्ये पेज लेआउटचं टार्गेट आहे, जावास्क्रिप्टमध्ये क्लासच्या वर ॲट-स्लॉटच्या नोंदी आहेत, त्यामुळे बिल्डरमध्ये (पान जुळवायच्या एडिटरमध्ये) दोन्ही भाग नीट दिसतात: मुख्य मजकूर आणि साइडबार.

हेड मार्कअपमधलं ब्रँडचं सीएसएस शॅडो डॉमच्या (कम्पोनंटच्या बंदिस्त भागाच्या) आत पोचत नाही, म्हणून लेआउट लाइट डॉममध्ये नेला (टेम्पलेट आणि क्लास दोन्हींत रेंडर मोड लाइट). रंग-फॉन्ट तेवढे असते तर डीएक्सपी हुक्स (ब्रँडच्या स्टाइलची तयार सीएसएस व्हेरिएबल्स) पुरले असते. लेआउटची स्वतःची स्टाइल स्कोप्ड (त्याच कम्पोनंटपुरत्या) सीएसएस फाइलमध्ये ठेवली आहे, नाहीतर ती पानभर सांडते.

अडचण इथे आहे. साइडबारमध्ये काहीच ठेवलं नसेल तर तो कॉलम मिटायला हवा. शॅडो डॉममध्ये स्लॉटचेंज इव्हेंटवर (स्लॉटमधला मजकूर बदलला की येणाऱ्या) हे सहज झालं असतं. लाइट डॉममध्ये स्लॉट हा खरा एलिमेंट नसतो, त्यामुळे तो इव्हेंट येतच नाही आणि स्लॉटेड सिलेक्टरही (स्लॉटमधल्या मजकुराला स्टाइल देणारा) चालत नाही.

दोन वाटा दिसतात. रेंडर्ड-कॉलबॅकमध्ये म्युटेशन ऑब्झर्व्हर (डॉममधले बदल टिपणारा) लावायचा. पण हा कॉलबॅक दर रेंडरला चालतो, म्हणून एकदाच लागेल असा फ्लॅग हवा, डिस्कनेक्ट हवा, आणि कॉलम आधी दिसून मग मिटतो. दुसरी, साइडबारविना वेगळा लेआउट. ही मला जास्त स्वच्छ वाटते, पण मार्कअप दोनदा सांभाळावं लागेल.

मोठ्या साइटवर कोणी ऑब्झर्व्हर वापरला आहे का? ती उडी कशी टाळली?