मदत हवी आहे: मिलिसेकंदांचे महिने कसे करायचे? (३१ जानेवारीच्या उधारीवरून भांडण लागलंय)

चाटीगल्ली:
नमस्कार मंडळी. मामांचं सोलापुरात चादरी-टॉवेलचं होलसेल दुकान आहे. त्यांच्या उधारीसाठी मी अँड्रॉइडवर एक साधं ॲप केलंय, जावामध्ये. पार्टीचं नाव, रक्कम, आणि माल देऊन किती महिने-दिवस झाले, एवढंच दाखवायचं. मला वाटलं होतं एका रविवारात उरकेल. तिसरा महिना चालू आहे.

पहिल्यांदा मी सरळ भागाकार केला. फोन वेळ मिलिसेकंदांच्या (सेकंदाचा हजारावा भाग) एका मोठ्या आकड्यात धरतो, म्हणून आत्ताच्या मिलिसेकंदांतून नोंदीचे मिलिसेकंद वजा, मग ३६५ दिवसांचं वर्ष आणि ३० दिवसांचा महिना. एका महिन्याचा आकडा इंटमध्ये (जावातला पूर्णांकाचा छोटा कप्पा) धरला होता. ३० गुणिले २४ गुणिले ६० गुणिले ६० गुणिले १००० म्हणजे २,५९,२०,००,०००, आणि इंटमध्ये मावतात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७. त्यामुळे महिना चक्क उणे १,७०,२९,६७,२९६ मिलिसेकंदांचा झाला आणि कंपायलर (कोड तपासून चालण्याजोगा करणारा) चकार शब्द बोलला नाही. ३० च्या मागे एल लावून तो लाँग, म्हणजे मोठा कप्पा, केला, ते निस्तरलं. पण १ जानेवारीची एक नोंद ३१ डिसेंबरला उघडली तर समोर "० वर्षे १२ महिने ४ दिवस". मामा म्हणाले, "काय सांगलालंय बे हे? बारा महिने झाले तर वर्ष का नाही झालं?" ह्याला उत्तर नव्हतं.

मग भागाकार सोडून पिरियडवर आलो, म्हणजे दोन तारखांमधले वर्षे-महिने-दिवस काढून देणारा जावाच्या लायब्ररीतला (तयार कोडमधला) प्रकार. बाकी नोंदी छान दिसायला लागल्या, पण एक बार्शीची पार्टी अडकली. ४८,००० चा माल, ॲपमध्ये तारीख ३१ जानेवारी २०२५. वायदा एक महिन्याचा, वर दिवस गेला की दरमहा दीड टक्का व्याज, आणि मामांच्या रिवाजाप्रमाणे एक दिवस चढला तरी अख्खा महिना लागतो. ॲप २८ फेब्रुवारीला "२८ दिवस" म्हणालं आणि १ मार्चला थेट "१ महिना १ दिवस". मधला नुसता "१ महिना" गेला कुठं? पार्टीनं १ मार्चला दुपारी पैसे आणले, ॲपनं ७२० रुपये व्याज लावलं. पार्टी म्हणते, एकोणतीस दिवसांत महिना कसा उलटला? मामांनी फोन माझ्यासमोर आपटायचाच बाकी ठेवलाय.

ही पिरियडची चूक आहे की माझी? घाई आहे, पार्टी जुनी आहे.

शेंगाचटणी:
चूक पिरियडची नाही. तुमच्या पहिल्या भागाकारासारखा नुसती वेळेची लांबी धरणारा प्रकार जावात आहे, ड्युरेशन. तो म्हणजे स्टॉपवॉच, त्यात फक्त सेकंद असतात. म्हणून त्याला दिवस विचारले तर चोवीस तासांचे तुकडे पाडून देतो, पण महिने विचारायची सोयच ठेवलेली नाही. फ्लटर (ॲप करायचं दुसरं साधन) मधल्या ड्युरेशनचंही तेच. महिने हवे असतील तर दोन्ही टोकांच्या तारखा हातात पाहिजेत, नुसती लांबी घेऊन कुणालाच सांगता येणार नाही.

३१ जानेवारीत एक महिना मिळवला तर फेब्रुवारीला ३१ तारीख नाही, म्हणून लायब्ररी २८ वर थांबते. पण उलट मोजताना २८ हा आकडा ३१ पेक्षा लहान दिसतो, महिना भरला असं ती धरत नाही आणि २८ दिवस सांगते. १ मार्चला मात्र २८ फेब्रुवारीपर्यंत एक महिना आणि वर एक दिवस. मधला टप्पा उडतो तो असा. मिळवणं आणि मोजणं ही एकमेकांची उलटी क्रिया नाही, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धा त्रास कमी.

वायद्याची तारीख नोंद करतानाच काढून साठवा आणि बिलावर छापा. पुढचे हप्ते असतील तर प्रत्येक वेळी मूळ तारखेपासून मोजा. ३१ जानेवारीत दोन महिने एकदम मिळवले तर ३१ मार्च येतो. एक-एक करून मिळवले तर २८ फेब्रुवारी, मग २८ मार्च. तीन दिवस हवेत.

आणि मामांचा फोन किती जुना आहे? ही तारखांची लायब्ररी अँड्रॉइड ८ पासून आत आहे. त्याआधीच्या फोनवर ॲप उघडताच बंद पडेल. ग्रेडलमध्ये (ॲप बांधणारं साधन) डीशुगरिंग, म्हणजे नवी लायब्ररी जुन्या फोनवर चालवायची सोय, चालू करा.

चाटीगल्ली:
फोन अँड्रॉइड ७ चाच होता! तो प्रकार आधीच झालाय, डीशुगरिंग तेव्हाच केलं. ते सांगायचं राहिलं.

कडकभाकरी:
मी कोडवाला नाही, पंढरपूरकडं धंदा आहे. आमच्याकडं आषाढीला माल आणि कार्तिकीला पैसे. २०२३ ला हे अंतर २९ जून ते २३ नोव्हेंबर पडलं, १४७ दिवस. २०२४ ला १७ जुलै ते १२ नोव्हेंबर, ११८. आधीच्या वर्षी अधिक श्रावण मधे आला. आता ह्याला कितीनं भागता, सांगा. ज्यानं अधिकाच्या वर्षी उधार दिलं त्याला एकोणतीस दिवस जास्त थांबावं लागलं की.

गिरणीचा भोंगा:
हे सगळं बरोबर, पण मला वेगळीच शंका येते. मिलिसेकंदांवरून तारीख काढताना टाइमझोन कुठला दिलाय? आणि माल कधी दिला होता, म्हणजे किती वाजता?

चाटीगल्ली:
झोन म्हणाल तर कुठून तरी उचललेल्या ओळीत यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) होता, तसाच ठेवला. आजची तारीख मात्र फोनची घेतो. बार्शीचा टेम्पो पहाटेच भरतात. नोंदीची वेळ बघतो थांबा.

गिरणीचा भोंगा:
बघाच. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढं आहोत. पहाटे साडेपाचच्या आत केलेली प्रत्येक नोंद आदल्या दिवशी जाऊन बसणार. दिवसा दुकान चालतं तोवर कळणारही नाही. सुरुवातीची तारीख लंडनची आणि शेवटची सोलापूरची, असा हिशोब चाललाय तुमचा.

चाटीगल्ली:
सापडलं. नोंद पहाटे ५ वाजून १० मिनिटांची. यूटीसीमध्ये तेव्हा ३१ जानेवारीचे रात्रीचे ११:४० वाजलेले. लाल वही काढली, मामांच्या अक्षरात १ फेब्रुवारी, शनिवार. म्हणजे १ मार्चला बरोबर एक महिना झाला होता, पार्टी वेळेत आली होती आणि मी तीन दिवस फेब्रुवारीला शिव्या घालत बसलो होतो.

साठवलेले मिलिसेकंद चुकीचे नव्हते, फक्त वाचताना झोन चुकला होता. त्यामुळे जुन्या नोंदींना हात न लावता यूटीसीच्या जागी एशिया/कोलकाता घातलं, आणखी चार पार्ट्यांच्या तारखा जागेवर आल्या. चारही पहाटेच्या टेम्पोवाल्या. नवीन नोंदीत आता नुसती तारीखच साठवतो, आणि वायद्याची तारीख बिलावर छापतो.

७२० रुपये मामांनी फोन करून माफ केले. मला म्हणाले, "वहीत बरोबर होतं की." एवढंच.

शेंगाचटणी:
छान. पण खरंच कुणी ३१ जानेवारीला माल नेला तर? वायदा २८ ला संपवायचा की १ मार्च धरायचा? हे लायब्ररी ठरवणार नाही, मामांना विचारा.

चाटीगल्ली:
विचारलं. म्हणाले, "महिनाअखेरीला उधार मागायला आलेल्याला मी एक तारखेला ये म्हणतो." तरी २८ ची अट घालून ठेवलीय.