ऑडिटच्या दौऱ्यात फिरणं जमतं का? (पुण्याहून)

चाकण_कंटाळा:
पुढच्या महिन्यापासून इंटर्नल ऑडिटच्या टीममध्ये आहे. क्लायंट गाड्यांचे सुटे भाग बनवतो. चाकणखेरीज पिथमपूर (मध्य प्रदेश), साणंद (गुजरात), श्रीपेरुंबुदुर (तामिळनाडू) आणि पंतनगर (उत्तराखंड) इथं प्लांट. दर तिमाहीला प्रत्येक ठिकाणी एक आठवडा, सोमवार ते शुक्रवार. सगळे म्हणतात, या नोकरीत देश फुकटात बघून होतो. खरंच होतो का? शनिवार-रविवार तिथंच थांबलं तर तिकिटाचा आणि हॉटेलचा हिशेब कसा लावतात?

पडताळा:
होतो, पण शुक्रवारी संध्याकाळी काम संपलं तर. आणि ते संपणार की नाही हे निघायच्या आठ दिवस आधीच ठरतं. लोकेशननुसार स्टॉकची यादी, जीआरएन (माल आल्याची पावती) रजिस्टर, भंगार बाहेर नेण्याचे म्हणजे स्क्रॅपचे गेटपास, जॉबवर्कची (बाहेर कामाला दिलेल्या, अजून परत न आलेल्या मालाची) उघडी चलनं, हे सगळं आधीच्या सोमवारी ईमेलनं मागा. प्लांटवर पोचल्यावर मागाल तर बुधवारी हातात पडेल, आणि मग शनिवार प्लांटच्या कँटीनमध्ये जाईल.

स्टॉक मोजणी मंगळवारी सकाळी, पाळी बदलायच्या आत. नवखे लोक ती गुरुवारी ठेवतात आणि अडकतात, कारण फरक निघाला की तो कशामुळे हे शोधायला स्टोअरवाल्याला निदान एक दिवस लागतो. माल बहुतेक वेळा कुठं गेलेला नसतो: क्वालिटीनं अडवून ठेवलेला, जॉबवर्करकडे पडलेला, नाहीतर गाडीत चढलेला पण बिल न झालेला. म्हणून मोजणी सुरू करण्याआधी शेवटचा जीआरएन आणि शेवटचं बिल यांचे नंबर लिहून घ्या.

छोटे भाग वजनावर मोजतात, तिथं एक ठरलेली चूक होते. समजा बुश १२ ग्रॅमचा आहे आणि काट्यात एक ग्रॅम इकडेतिकडे होतो. दहा नगांचं वजन घेऊन सरासरी काढली तर १२० ग्रॅममागे एक ग्रॅम चुकतो. २०,००० नगांच्या ढिगात तोच फरक १६७ नगांचा होतो. शंभर नग घेतले तर १७. रिकाम्या क्रेटचं वजनही प्रत्यक्ष करा, क्रेटवर खडूनं लिहिलेल्या आकड्यावर जाऊ नका.

गुरुवारी संध्याकाळी मुद्द्यांचा मसुदा प्लांट हेडकडे, शुक्रवारी अकराला बैठक. दुपारी दोनला मोकळे.

व्हाउचर_ताई:
पैशांचं सांगते. थांबायचं असेल तर निघण्यापूर्वी मॅनेजरची लेखी परवानगी घ्या, तोंडी नको. परतीचं तिकीट रविवारचं काढताना त्याच क्षणी शुक्रवारच्या भाड्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. साधारण नियम असा की रविवारचं भाडं शुक्रवारएवढं किंवा कमी असेल तर फर्म देते, वरचे पैसे आपले. स्क्रीनशॉट नसेल तर अकाउंट्सशी वाद घालायला हातात काहीच उरत नाही.

हॉटेलात शुक्रवारी सकाळी फर्मच्या नावाचं बिल बंद करा आणि पुढच्या रात्री स्वतःच्या नावावर वेगळ्या घ्या. एकाच बिलावर कामाच्या आणि सुटीच्या रात्री एकत्र आल्या की क्लेम परत येतो, हमखास. बिलावर फर्मचा जीएसटी नंबर असू द्या. पण हॉटेलवर त्या राज्याचा सीजीएसटी-एसजीएसटी (जीएसटीचा केंद्राचा आणि राज्याचा हिस्सा) लागतो, त्याचं क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या करातून वजावट, महाराष्ट्रातल्या नोंदणीवर मिळत नाही. म्हणजे तो कर फर्मच्या खिशातून जातो, आणि महागडं हॉटेल मागितलं की कपाळावर आठ्या का पडतात ते यावरून कळेल.

दैनिक भत्ता असेल तर कामापायी खर्च झाला तेवढाच करमुक्त, शिल्लक पगारात धरतात. थर्मल कागदाची बिलं लवकर पुसट होतात, त्याच दिवशी फोटो काढा. यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे बिल नव्हे. रिक्षासाठी तारीख, कुठून-कुठं, रक्कम असा रोजचा तक्ता ठेवा.

मुसाफिर_एमआयडीसी:
प्रत्येक वेळी सगळीकडे थांबायचा हट्ट नको. प्लांट आणि तिमाही यांची जोडी लावा.

एप्रिल-जूनचं ऑडिट जुलै-ऑगस्टमध्ये पडतं: तेव्हा पिथमपूर. धारमार्गे मांडू पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. जहाज महाल मुंज आणि कपूर या दोन तलावांच्या मधोमध आहे, पावसात तलाव भरले की ते नाव का पडलं ते समजतं. एप्रिलमध्ये तिथं नुसता फुफाटा. रविवारी महेश्वर, अहिल्याबाईंचा घाट, आणि रात्री इंदूरला सराफा. खाऊचे ठेले सोन्याची दुकानं मिटल्यावर लागतात, आठ वाजता जाऊन हात हलवत परत येऊ नका.

ऑक्टोबर-नोव्हेंबर पंतनगर, म्हणजे नैनीताल. पावसाळ्यात वरच्या रस्त्यावर दरडी, डिसेंबर-जानेवारीत खाली धुकं. विमानं आणि गाड्या दोन्ही लटकतात. ऑक्टोबर ते डिसेंबर तामिळनाडूत परतीचा पाऊस असतो, म्हणून श्रीपेरुंबुदुरला थांबणं जानेवारीत. कांचीपुरम जवळ आहे, पण देवळं साडेबाराच्या सुमारास मिटतात ती चारपर्यंत. सकाळी लवकर निघा, नाहीतर दुपार रेशमी साड्यांच्या दुकानात जाईल.

साणंदला फेब्रुवारी. नळसरोवरात पाहुणे पक्षी असतात, पहाटेच पोचायचं. लोथलचं संग्रहालय शुक्रवारी बंद, ते शनिवारसाठी ठेवा.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, पण ऑडिटच्या तारखा तेवढ्या आधी पक्क्या होत नाहीत. आणि कन्फर्म तत्काळ तिकीट रद्द केलं तर परतावा शून्य. त्यामुळे परतीचं तत्काळ शुक्रवारची बैठक पक्की झाल्याशिवाय काढू नका.

चाकण_कंटाळा:
खूप उपयोगी. एक राहिलं: क्लायंटची गाडी शनिवारी ‘घेऊन जा साहेब’ म्हणाले तर?

पडताळा:
हॉटेल ते प्लांट नेआण ठीक, गावाबाहेरच्या प्लांटचं गेस्ट हाउसही ठीक, फर्मला कळवून. शनिवारची मांडूची गाडी नाही. स्क्रॅपच्या गेटपासवर प्रश्न पुढच्या तिमाहीतही विचारायचा असतो, आणि गाडी पाठवणारा बहुधा तोच अ‍ॅडमिनवाला असतो. सरळ सांगा, ‘टॅक्सी ठरवली आहे.’ आणि खरोखर ठरवा.

व्हाउचर_ताई:
लॅपटॉपचंही बघा. फिरताना टॅक्सीच्या डिकीत नको, स्टेशनच्या क्लोकरूममध्ये तर नकोच. हॉटेलची रविवार दुपारपर्यंतची खोली घ्या, खोलीतल्या तिजोरीत मावतो का ते आधी बघा, पंधरा इंची बऱ्याचदा मावत नाही.